मानसवाड्याचा ठराव

नकाशा पंचायतीत येऊन वीस दिवस झाले, तरी मानसवाड्यावरून तो बघायला गेलेली एकटी कमलाक्षीच. तीसुद्धा गेली होती अंगणवाडीच्या पोषण आहाराच्या कागदावर शिक्का मारून घ्यायला. भिंतीवर चिकटपट्टीनं डकवलेला भला मोठा कागद होता. डोंगर हिरवा, नदी निळी आणि वस्ती पिवळी. तिनं आधी नदी शोधली, मग नदीवरून बोट फिरवत बांध शोधला, आणि बांधाच्या आतल्या अंगाला, जिथं भाताची शेतं असायला हवीत, तिथं तिचं बोट थांबलं. तिथं सगळं पिवळं होतं.

"ह्याचो अर्थ काय?" तिनं सेक्रेटरीला विचारलं.

"सगळ्या गोव्याचा प्रादेशिक आराखडा तो, बाई. पुढं कुठं घरं बांधायची, कुठं शेती राखायची ते ठरणार आहे. गावानं बघायचं, चूक वाटली तर ग्रामसभेत ठराव घ्यायचा आणि महिनाअखेरीस पाठवून द्यायचा."

"आणि कोणी बघलांच नाय तर?"

"तर मग बरोबर आहे असं धरायचं," सेक्रेटरी म्हणाला आणि त्यानं तिच्या कागदावर शिक्का मारला.

मानसवाडा नार्वे गावाच्या वरच्या अंगाला, नदी वळण घेते तिथं. चाळीसेक घरं. बाकीचं गाव खाली मोठ्या रस्त्यालगत, त्यांना वाड्यावर 'रस्त्यावयले' म्हणत. नदीला भरती आली की खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून जुन्या लोकांनी बांध घातलेला, आणि बांधात लाकडी दारं बसवलेली. भरतीला ती मिटतात, ओहोटीला उघडतात. ह्या दारांना मानस म्हणतात, आणि वाड्याचं नाव त्यावरूनच पडलेलं. चाळीस वर्षं ही मानस राखली ती कमलाक्षीच्या सासऱ्यानं, जयरामनं. आता ऐंशी उलटलेल्या जयरामच्या गुडघ्यांत जोर राहिला नव्हता. पण ओसरीवर बसल्या बसल्या नुसत्या वाऱ्याच्या वासावरून तो सांगायचा, "आज उधाण चढतलां, गोपाळाक सांग, दार बघ."

त्या दिवशी घरी येऊन कमलाक्षीनं आधी त्यालाच सांगितलं. म्हाताऱ्यानं ओसरीवरून शेतांकडे बघितलं. मग म्हणाला, "शेतात घरां बांदली तर पावसाचां पाणी खंय जातलां? बांधातसून भायर पडूक तेका शेत हवां. नाय तर तां आमच्या घरात येतलां."

"तुमी ह्यां ग्रामसभेत बोलशात, बाबा?"

"माका कोण विचारता?" जयराम हसला. "एकदाच विचारल्यानी. सदुसष्ट साली, गोंय वेगळां ठेवचां काय महाराष्ट्रात घालचां म्हणून. तेव्हा आमी अख्खो वाडो चलत गेल्लों मत घालूक. मागीर कोणी विचारूक नाय."

"आता विचारतहत," ती म्हणाली. "आमीच थंय जाणाव नाय."

दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडी सुटली की कमलाक्षी घरोघर जाऊ लागली. वाड्यावरची निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे तिला उंबऱ्याबाहेर कोणी उभं ठेवलं नाही. चहा सगळ्यांनी दिला. पण ग्रामसभेचं नाव काढलं की जो तो दुसरीकडे बघायचा. कोणी म्हणे, आमच्या एका हातानं काय होणार. कोणी म्हणे, ते वरती ठरवून मोकळे झालेले असतात. शेजारची भाग्यलक्ष्मी तिची लग्नापासूनची मैत्रीण, तीसुद्धा म्हणाली, "गो कमल, ग्रामसभेत बायलो जातहत? थंय पुरुषच भांडतहत."

"म्हणूनच येवंक हवां."

"तुका शिकवणां सोपां. माझो घोव माका काय म्हणतलो?"

घरातही काही वेगळं नव्हतं. तिचा नवरा गोपाळ खाणीवर ट्रक चालवायचा. रात्रीचं जेवण झाल्यावर तो म्हणाला, "पिवळो रंग झालो तर जमिनीक भाव येता. रस्त्यावयले लोक ह्याच कारणाक गप्प आसत. तूच कित्याक वायट जातंस?"

"आणि पाणी घरात आयलां तर?"

"तां मागीर बघूं," गोपाळ म्हणाला. पण ओसरीवरून जयराम म्हणाला, "ती सांगता तां खरां रे," तेव्हा तो बापापुढं गप्प झाला. त्या घरात जयरामच्या शब्दापुढं कोणी जात नसे. आणि वाड्यावरही तेच. म्हातारा स्वतः सभेत उभा राहून बोलणार, ही बातमी फिरली तसे लोक हळूहळू वळू लागले. जयराम येणार तर आपण कसं न जायचं? आठवडाभरात भाग्यलक्ष्मीनंही येते म्हणून सांगितलं. वाड्याचा पंच गौरेश स्वतः घरी येऊन म्हणाला, "वयनी, तुमी सत्तर-ऐंशी माणसां हाडल्यात तर ठराव झालोच म्हणून समजा."

उरल्या होत्या घरामागच्या चार खोल्या. गोपाळनं त्या भाड्यानं दिलेल्या. तिथं कोल्हापूर-बेळगावकडची माणसं राहायची, बांधकामावर जाणारी. त्यातला दादू गडहिंग्लजकडचा, गिलाव्याच्या कामात हात बसलेला. बायको रंजनासह चौदा वर्षं तिथं होता, दोघांची मुलं कमलाक्षीच्याच अंगणवाडीत वाढली. आजूबाजूच्या खोल्यांतून अशी आणखी घरं होती. वाड्यावर त्यांना सगळे 'भायले' म्हणत, पण मतदार यादीत त्यांची नावं होती. यादीचं काम कमलाक्षीकडेच असायचं, ती नावं तिनं स्वतः लिहिलेली. चार दिवस तिच्या मनात चाललं होतं, सांगावं की सांगू नये. पाचव्या दिवशी तिनं दार वाजवलं.

दादूनं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. "बाई, खरं सांगू का? तितं घरं झाली तर आमालाच काम मिळंल की."

"तां खरां," ती म्हणाली.

आतून रंजना म्हणाली, "काम मिळंल, पर त्या सालीचं इसरला काय? पाणी आलं की पैलं आपल्याच खोलीत येतंय. पोरांस्नी खाटंवर बसवून रात काढली ती." मग ती कमलाक्षीला म्हणाली, "बाई, आमी आलं तर चालंल व्हय? कोण काय म्हणायचं न्हाई?"

"तुमचां नाव यादीत आसा. ग्रामसभा तुमचीय."

आपण असं छातीठोक सांगितलं याचं कमलाक्षीला नंतर फार दिवस दुःख झालं.

सभा रविवारी साडेदहाला होती. शनिवारी संध्याकाळी जयरामनं तिला समोर बसवून काय काय बोलणार ते सांगितलं आणि तिनं ते उतरून घेतलं. बांध कोणत्या साली फुटला, पाणी कुठवर चढलं, कोणत्या वाटेनं उतरलं. दोन पानं झाली. खाली त्यानं अंगठा उठवला. "विसरलंय तर वाच तू," म्हणाला.

रविवारी सकाळी पोदेराचा भोंपू वाजला तशी ती पाव घ्यायला फाटकापाशी गेली. जयराम ओसरीवर खांबाला टेकून बसला होता. पाव घेऊन ती परत आली आणि म्हणाली, "बाबा, च्या देतंय." त्याचे डोळे नदीकडे उघडे होते. तिनं पुन्हा हाक मारली. मग पावाची पिशवी खाली ठेवून तिनं त्याच्या नाकापाशी हात धरला.

आठ वाजेपर्यंत अख्खा वाडा अंगणात होता. गोपाळ ओसरीच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसला होता. पेडणे तालुक्यात पार्श्याला दिलेली त्याची बहीण वैशाली निघाली होती, ती पोचायला अकरा वाजणार. तोवर उचलायचं नाही असं ठरलं. बायका रडत होत्या. कमलाक्षीही रडत होती. त्या माणसानं सव्वीस वर्षं तिला सून म्हणून कधी वेगळं पाडलं नव्हतं. पण रडता रडता तिची नजर घड्याळाकडे जात होती, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

गौरेश आला तेव्हा तिनं त्याला बाजूला घेतलं. "सभा फुडें ढकलूक जायत?"

"नाय, वयनी. मी सरपंचाक विचारून आयलंय. परवा महिनो संपता, ठराव त्याआदीं जावंक जाय. कोरम भरूक नाय तर अर्धो तास रावतले आणि आसत तेच ठरयतले."

"रस्त्यावयले आसतले."

"ते आसतलेच," गौरेश खाली बघत म्हणाला. "माका हंय रावचां पडतलां. खांदो देवचो आसा."

तिनं अंगणावर नजर फिरवली. सत्तर-ऐंशी माणसं होती. तिनंच एकेक करून वळवलेली. त्यांतला एकही जयरामला सोडून हलणार नव्हता, आणि हलला असता तर तिलाच ते आवडलं नसतं.

मागच्या दारी दादू उभा होता. त्याच्यामागं रंजना आणि खोल्यांतली बाकीची माणसं, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आलेली. दादू हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमी हितंच ऱ्हावा. आमी जातो तिकडं. फकस्त तेवढा कागद द्या."

कमलाक्षीनं कागद दिला. तो घेऊन ते दहा पावलं गेले, आणि तिला सभेचं चित्र दिसलं. हे वीस-बावीस जण दारात उभे, आणि कोणीतरी विचारतोय, तुम्ही कोण? त्यांना उत्तर देता येणार नाही. त्यांना कोणी बसूही देणार नाही. मतदार यादी तिच्या कपाटात होती.

ती गोपाळपाशी गेली. "मी तासाभरात येतंय. बाबांचो कागद वाचून येतंय."

गोपाळनं मान वर केली. त्याला आधी कळलंच नाही. "खंय?"

"पंचायतीत."

"सुतकात?" तो म्हणाला. "बाबा हंय पडलो आसा आणि तू सभेक जातंस?"

"बाबांनीच सांगलां होतां, विसरलंय तर वाच म्हणून."

"तो जितो होतो तेव्हा सांगल्यान!" गोपाळ ओरडला. अंगणातलं रडणं थांबलं. सगळे तिच्याकडे बघत होते. भाग्यलक्ष्मीनं तिचा हात धरला, "कमल, खुळां जावं नको." तिनं हात सोडवून घेतला, आत जाऊन यादी काढली आणि मागच्या दारानं निघाली.

पंचायतीच्या हॉलात तीस-बत्तीस माणसं होती, बहुतेक रस्त्याकडची. ती दारात दिसली तसे जवळचे लोक सरकले. जयराम गेल्याचं गावभर झालं होतं. "सुतक आसा नी तुमका?" एका बाईनं विचारलं. कमलाक्षी म्हणाली, "म्हणून हंयच, दारात रावतंय," आणि ती खरंच सभा संपेपर्यंत दारात उभी राहिली. बसायला खुर्ची कोणी दिली नाही, तिनं मागितली नाही.

अर्धा तास सगळे थांबले. कोरम भरला नाही. मग नकाशाचा विषय निघाला, आणि एकजण उठून म्हणाला की आराखडा आहे तसा मान्य करावा. दादूनं हात वर केला.

"हे कोण?" तो माणूस म्हणाला. "भायले येवन आमच्या गावाचां ठरयतले? आमची भास येना, आमची जमीन नाय, आणि मत घालूक आयले?"

दादूचा हात खाली आला. तेव्हा कमलाक्षी बोलली. तिचा आवाज इतका बारीक होता की सरपंचानं पंखा बंद करायला सांगितलं. तिनं यादीतून एकेक नाव वाचलं, अनुक्रमांकासकट. नाव वाचलं की तो माणूस उभा राहायचा. तेवीस माणसं उभी राहिली. मग तिनं दादूकडून कागद घेतला आणि जयरामची दोन पानं वाचली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर, जिथं पाणी कुणाच्या घरात कुठवर चढलं ते होतं, तिथं तिला पुढचं दिसेना. ती थांबली. मग रस्त्याकडचाच एक म्हातारा, गोकुळदास दुकानदार, बसल्या जागेवरून म्हणाला, "खरां तां. माझ्या दुकानात पोटऱ्येइतक्या आयल्लां," आणि तिनं पुढचं वाचलं.

हात मोजले. शेतं शेतंच ठेवावीत ह्या बाजूनं अठ्ठावीस, विरुद्ध सव्वीस.

ती धावत घरी आली तेव्हा साडेबारा झाले होते. अंगणात शेणानं सारवलेली जागा ओली होती, आणि तिथं तांदूळ सांडलेले. बायका होत्या, पुरुष सगळे नदीकडे गेले होते. जयरामला न्हाऊ घालताना, तोंडात तुळस-पाणी घालताना घरची सून नव्हती. ते वैशालीनं केलं. पार्श्याहून आलेली ती लेक ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. कमलाक्षी तिच्याजवळ जाऊन बसली, पण वैशाली उठून आत गेली. कमलाक्षी बांधाकडे बघत राहिली. बांधापलीकडून धूर वर जात होता, सरळ, वारा अजिबात नव्हता.

बाराव्या दिवसापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, त्यामुळे बोलणं टळलं. मग टळेना. "सासऱ्याक टाकून भायल्यांका घेवन गेली," हे वाक्य आधी रस्त्यावर निघालं. ज्यांनी विरुद्ध मत दिलं त्यांनीच ते काढलं, पण मानसवाड्यानं ते उचललं. ज्यांच्या शेतांसाठी ती गेली होती त्यांना तिचं तोंड बघितलं की आपण गेलो नाही हे आठवत असेल, किंवा त्यांना खरंच राग असेल. भाग्यलक्ष्मी विहिरीवर यायची, कळशी भरायची आणि बोलायचं टाळून निघून जायची. गोपाळ घरात जेवत होता, पण तिच्याशी कामापुरतं बोलत होता. एकदाच म्हणाला, "तिरडी उचलताना सगळ्यांनी विचारलां, सून खंय. मी काय सांगतलंय?"

तिनं त्याच्यापुढचं ताट उचललं.

पुढच्या महिन्यात देवळात वाड्याची बैठक झाली. बायकांना बोलावलं नव्हतं. यादीत नावं असलेल्या भायल्यांना ह्यापुढं खोल्या द्यायच्या नाहीत, आज ठरावाला हात वर करतात, उद्या पंच निवडतील, असं ठरलं. गोपाळ घरी आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "दादूक सांगूक जाय. गणपतीच्या आदीं खोली रिकामी कर म्हणून."

"चवदा वर्सां राविल्लो माणूस तो."

"वाड्यान ठरयलां."

"आणि आमच्या घरात? माका कोणी विचारलां?"

"तू माका विचारून गेल्लंस?" गोपाळ म्हणाला आणि आत गेला.

तिनं दोन दिवस प्रयत्न केला. गौरेशला भेटली. तो म्हणाला, वयनी, माका परत निवडणूक लढवची आसा. ती दादूला सांगायला गेली नाही. ते गोपाळनंच सांगितलं.

दादूला डिचोलीपलीकडे, कारापूरच्या बाजूला खोली मिळाली. टेम्पो आला त्या दिवशी सकाळी कमलाक्षी मागच्या अंगणात गेली. भांडी, खाट, मुलांची दप्तरं आत चढवून झाली होती. दादूनं लांबूनच हात जोडले आणि पुढं जाऊन ड्रायव्हरशेजारी बसला. रंजना खोली झाडत होती. रिकामी खोली, पण ती कोपरे काढून झाडत होती. झाडून झाल्यावर तिनं केर बाहेर टाकला, केरसुणी दाराआड ठेवली आणि कमलाक्षीकडे वळली.

"बाई, तुमी बोलीवलं म्हणून आलतो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "न्हाई तर आमी कुटं जातो वो असल्या जागी."

"माझां चुकलां, रंजना."

"चुकलं न्हाई म्हना. पर पोरांची शाळा गेली." ती टेम्पोत मागं मुलांपाशी चढली. टेम्पो फाटकातून बाहेर पडला तेव्हा धाकट्यानं कमलाक्षीला हात केला. रंजनानं त्याचा हात खाली घेतला नाही, पण स्वतः मागं बघितलंही नाही.

तीन पावसाळे गेले आणि अंतिम नकाशा आला. मानसवाड्याची शेतं त्यावर हिरवी होती. रस्त्यालगतची एक पट्टी तेवढी पिवळी राहिली. गौरेशनं देवळात पेढे वाटले आणि वाड्याच्या एकजुटीचं हे फळ म्हणून सांगितलं. लोकांनी माना हलवल्या. कमलाक्षीच्या हातात पेढा आला तो तिनं पदरात बांधला आणि घरी येऊन जयरामच्या फोटोपुढं ठेवला. गोपाळनं तो बघितला. मग तो मानशीचं दार बघायला निघून गेला. बाप गेल्यापासून ते काम तो न चुकता करत होता.

त्याच वर्षी कचऱ्याच्या जागेसाठी ग्रामसभा लागली. मानसवाड्याच्या टोकालाच जागा धरलेली होती. सेक्रेटरीनं नोटिसांचा गठ्ठा कमलाक्षीला दिला, सवयीनं, घरोघर पोचवा म्हणून. ती निघाली. लोकांनी नोटीस घेतली, बघू म्हणाले. भाग्यलक्ष्मीच्या मुलानं दारातूनच कागद घेतला. शेवटी ती आपल्याच घरामागं आली. देवळातल्या ठरावात यादीत नाव नसलेल्यांना मनाई नव्हती, त्यामुळे खोल्या पुन्हा भाड्यानं गेल्या होत्या. आता रंजनाच्या खोलीत बेळगावकडचं नवं जोडपं होतं, किरण आणि अमृता. दोघंही यादीत नाव घालता येईल का म्हणून आठवड्यापूर्वीच तिला विचारून गेलेली.

दार उघडंच होतं. अमृता चुलीपुढून उठून आली, हात पदराला पुसत. "या की बाई. काय आणलंय?"

कमलाक्षीच्या हातात एक नोटीस उरली होती. तिनं ती घडी घातली आणि मुठीत धरली.

"काय नाय गो," ती म्हणाली. "नळाक पाणी येता मगो, इतक्यांच विचारूक आयल्लंय."

"येतंय की," अमृता म्हणाली. "चांगलं येतंय."

"बरां," कमलाक्षी म्हणाली, आणि वळून घराकडे चालू लागली.